सेन्सरचे आकडे माहिती अधिकारात मिळतात का?

प्रश्न : आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाच्या अंगाला. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर येत राहते आणि तेवढ्यावर आम्ही सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतो. मुलगा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, जुने तासातासाचे आकडे मिळाले तर बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागतं आणि त्याआधी किती तास हातात असतात, हे मांडता येईल. एका कार्यालयात विचारलं, तर ‘ते सेन्सरचं असतंय, त्याचा कागद नसतोय’ असं उत्तर मिळालं. कागदच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज चालतो का? आणि तो महापालिकेकडंच करायचा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला बहुधा नाही.

कागद नाही म्हणून माहिती नाही, हे कायद्याला मान्य नाही. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्यात ‘माहिती’ची व्याख्या करतानाच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली सामग्री घेतली आहे, आणि ‘अभिलेख’ म्हणजे काय ते सांगताना संगणकानं किंवा दुसऱ्या कुठल्याही साधनानं तयार केलेलं साहित्यही अभिलेखच, असं म्हटलं आहे. पुलाखाली टांगलेला सेन्सर हे साधन नाही तर काय? माहिती कोणत्या रूपात मागता येते याची त्या कायद्यातली यादी आज वाचताना गंमत वाटते: डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट. पण यादीच्या शेपटाला ‘किंवा अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक प्रकारे’ असं आहे. त्या शेपटावर ईमेल आणि पेनड्राइव्ह दोन्ही बसतात.

आता दार कुठलं ठोठवायचं ते. बहुतेकांचा पहिला महिना इथंच जातो. राजाराम बंधारा बावड्यात असला, शहराचा जीव त्याच्या आकड्यावर टांगलेला असला, तरी तो आकडा महापालिकेचा नाही. धरणं, बंधारे आणि नदीची पातळी हा जलसंपदा विभागाचा विषय. म्हणजे तुमचा अर्ज ताराबाई पार्कातल्या सिंचन भवनाकडं, पाटबंधारे विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. मोबाइलवर जे पत्रक फिरतं ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचं. तिथं आकडा पोचतो, जन्मत नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पर्जन्यमापक आणि पातळीमापक केंद्रांची स्वयंचलित यंत्रणा आहे, तीही जलसंपदाचीच. खाली शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आणि अर्जुनवाडला केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत. तिथले आकडे हवे असतील तर अर्ज थेट केंद्राच्या कार्यालयाला. हवेच्या प्रदूषणाचे आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच्या उद्योग भवनात, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं.

चुकीच्या दारी अर्ज पडला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. पण ‘हे आमच्याकडं नाही’ एवढंच लिहून फाइल बंद करण्याची चाल जुनी आहे. म्हणून अर्जाच्या शेवटी एक वाक्य घालावं: माहिती आपल्याकडं नसल्यास कलम ६(३) नुसार अर्ज संबंधित प्राधिकरणाकडं हस्तांतरित करावा.

मग महापालिकेकडं मोजणारं काहीच नाही? भरपूर आहे, आणि माझ्या मते कोल्हापूरकरांनी ते जास्त मागायला हवं. शहर केंद्राच्या स्मार्ट सिटीच्या यादीत नसलं म्हणून यंत्रं नाहीत असं नाही. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीला आलं. पन्नासेक किलोमीटरच्या त्या वाटेवर धरणातून किती उचललं, पुईखडीत किती पोचलं आणि टाक्यांतून किती सुटलं याचा हिशेब मीटरवरच चालतो. कसबा बावड्याचं ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीचं १७ दशलक्ष लिटरचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, तिथं आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची मोजणी व्हावीच लागते. पंचगंगेच्या प्रदूषणावर आपल्याकडं आंदोलनं झाली, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि तरी चर्चा होते ती ‘रोज सरासरी इतकं पाणी शुद्ध होतं’ या एका ओळीवर. सरासरी ही फार सोशिक असते. रात्री दोन वाजता वीज गेली, जयंती नाल्यावरचे पंप थांबले आणि नाला तसाच नदीत उतरला, तर ते सरासरीत दिसत नाही. तासाच्या नोंदीत दिसतं.

आता तुमच्या अर्जाकडं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं ‘जोडपत्र अ’ हा नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. माहिती कशासाठी हवी ते लिहू नका. विचारण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि ‘मुलाच्या प्रोजेक्टसाठी’ असं भाबडेपणानं लिहिलं की अर्ज ढिगाच्या तळाशी जातो. २०१२ पासून आपल्या राज्यात आणखी एक अट आहे: अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण १५० शब्दांत बसावा. नदी, हवा आणि रस्त्यावरचे दिवे एकाच अर्जात घातले की तो अडलाच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते ‘माहितीचा तपशील’ या रकान्यावर. ‘सेन्सरची सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलं तर दोनांपैकी एक होतं: काहीच येत नाही, किंवा यंत्राच्या कंपनीचं रंगीत माहितीपत्रक येतं. मी असं लिहीन:

‘विषय : पंचगंगा नदी, राजाराम बंधारा येथील पाणी पातळीच्या नोंदी. कालावधी : १ जून ते ३१ ऑक्टोबर, सन २०१९ व सन २०२१. तपशील : (१) स्वयंचलित यंत्राने नोंदवलेली पातळी, यंत्राने ज्या अंतराने नोंदवली त्याच अंतराने, सरासरी न काढता, संगणकात आहे त्याच स्वरूपात (एक्सेल अथवा सीएसव्ही) ईमेलने. (२) त्याच कालावधीतील पट्टीवर पाहून केलेल्या नोंदींच्या नोंदवहीची छायाप्रत. (३) पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ज्या कागदपत्रात आहे त्याची प्रत. (४) सदर कालावधीत यंत्र बंद असल्याच्या व दुरुस्तीच्या नोंदी.’

दीडशे शब्दांत आरामात बसतं. यातला प्रत्येक मुद्दा का आहे ते सांगतो, कारण हवेचा किंवा मैलापाण्याचा अर्ज करतानाही हेच उपयोगी पडेल.

दोन आकडे मागितले, कारण नदी दोन तऱ्हांनी मोजली जाते. एक, बंधाऱ्यावर रंगवलेली पट्टी. पूर वाढायला लागला की माणूस बॅटरी घेऊन जातो, पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते बघतो आणि फूट-इंचांत लिहितो. आपली ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ही या पट्टीची भाषा. दुसरी तऱ्हा यंत्राची. पुलावरून खाली तोंड केलेला रडार सेन्सर, शेजारी सोलर पॅनेल, पेटीत बॅटरी आणि आकडा पाठवणारं उपकरण. यंत्र बहुधा मीटरमध्ये बोलतं, तेही समुद्रसपाटीपासून. म्हणजे मुलाच्या हातात ५४० च्या घरातले आकडे पडतील आणि तो गोंधळेल. पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते कळल्याशिवाय दोन्हींची सांगड बसणार नाही. तिसरा मुद्दा त्यासाठी. इशारा आणि धोका यांच्यातले चार फूट म्हणजे १.२२ मीटर. एवढ्या फरकात आपली अर्धी नदीकाठची वस्ती सामान हलवते, तेव्हा इंचाची चूकही परवडत नाही.

चौथ्या मुद्द्याकडं अर्जदारांचं लक्ष जात नाही, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. महापुरात यंत्रं नेमकी हवी तेव्हा दगा देतात: पेटीत पाणी शिरतं, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, आभाळ आठवडाभर झाकलेलं असल्यानं सोलर पॅनेलवर ऊन पडत नाही. मग फाइलमध्ये कोरे रकाने येतात, किंवा एकच आकडा बारा तास तसाच उभा राहतो, किंवा मध्येच वजा ९९९ असं काहीतरी दिसतं. तो नदीचा आकडा नसतो. ‘मला काही कळलं नाही’ असं यंत्र सांगत असतं. दुरुस्तीची नोंद हाताशी असेल तर ही भोकं ओळखता येतात. नसेल तर मुलगा हुशारीनं त्या भोकांतूनही आलेख ओढेल आणि तो चुकेल.

वर्षं २०१९ आणि २०२१ घेतली ती यासाठी की दोन्ही महापूर पेठेनं बघितले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पट्टी ५५ फूट ७ इंचांवर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. आठ इंचांचा फरक. तरी ‘आमच्याकडं एकोणीसलाच जास्त होतं’ म्हणणारे लोक शहरात भेटतात, आणि ते खोटं बोलत असतीलच असं नाही. बंधाऱ्यावरचा आकडा आणि गल्लीतला आकडा यांच्यामध्ये वळणं आहेत, नाले आहेत, नंतर झालेले भराव आहेत, पाणी किती झपाट्यानं चढलं हेही आहे. मुलाला सांगा, घरात आणि शेजारी भिंतीवर पुराच्या खुणा असतील तर त्या आधी टेपनं मोजून ठेव. सरकारी आकड्याला जोडायला तुमच्याकडचा आकडा लागेलच, आणि तो कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही.

अर्ज गेला की तीस दिवस. या मुदतीत उत्तर नाही आलं तर नंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, आणि तीस दिवसांच्या आत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं करता येतं. त्याला वीस रुपयांचं तिकीट. पुढं नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं थांबणं फार होतं, हे आधीच सांगून ठेवतो. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण दारात पाणी आल्यावर तिच्या भरवशावर कुणी बसू नये. तेव्हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर लावायचा.

नकाराची पत्रंही ठरावीक असतात. ‘माहिती संकलित करावी लागेल’ हे पहिलं. यात तथ्य आहे: सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात स्पष्ट केलं की, कार्यालयाकडं आहे ती माहिती द्यायची, नवी तयार करून द्यायची नाही. म्हणून ‘२०१९ मध्ये पाणी धोका पातळीच्या वर एकूण किती तास होतं?’ असं विचारू नका. तो हिशेब आहे. नोंदी मागा, हिशेब घरी करा. सॉफ्टवेअरमधून आहे तोच तक्ता बाहेर काढणं हे मात्र संकलन नव्हे, आणि अपिलात हे ठणकावून सांगावं.

दुसरं पत्र कलम ७(९) चं: एवढी माहिती देण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडेल. ते कलम नीट वाचा. ते फक्त माहितीच्या स्वरूपाबद्दल आहे. मागितलेल्या रूपात देणं जड जात असेल तर दुसऱ्या रूपात द्यावी, एवढंच. नकार द्यायला ते कलम नाही. आणि हजारो पानं छापण्यापेक्षा एक फाइल ईमेल करणं हलकं, हे तर कुणालाही पटावं. तिसरं पत्र: आकडे ठेकेदार कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. कायद्याला माहिती कार्यालयाच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असली की पुरते. पैसे जनतेचे, करार सरकारी, मग नियंत्रण कुणाचं? अशा वेळी आकड्यांच्या आधी कराराचीच प्रत मागावी. आकड्यांची मालकी कुणाची आणि यंत्र किती दिवसांत दुरुस्त करायचं याची कलमं त्यात असतात. कित्येकदा आकड्यांपेक्षा करारच जास्त बोलतो. चौथं, गुप्ततेचं. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या पाण्याच्या आकड्यांवर केंद्रानं बंधनं घातली आहेत, कारण त्या नद्या सीमा ओलांडतात. कृष्णा खोरं त्यात येत नाही. पंचगंगेची पातळी हे राष्ट्राचं गुपित नव्हे.

अर्ज करण्याआधी एक फेरी मारा. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अर्जाशिवाय अभिलेख पाहता येतात. ही पद्धत आधी पुणे महापालिकेत रुजली. तिथं जाऊन नोंदवहीला तिथली माणसं काय म्हणतात आणि फाइल कुठल्या टेबलावर असते ते बघून या. त्यांच्या शब्दांत मागितलेली माहिती लवकर सापडते.

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप नको होता. कायद्याचं चौथं कलम म्हणतं की कार्यालयांनी आपण होऊन एवढी माहिती जाहीर करावी की लोकांना अर्जच करावा लागू नये. आजची पातळी आपण मोबाइलवर देतो, मग कालची आणि दहा वर्षांपूर्वीची द्यायला हरकत कसली, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

प्रश्न : मी अशीच माहिती मागवली. दोनशे छापील पानं आली, चारशे रुपये गेले. आता हे आकडे संगणकात कसे घालू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन रुपये पान हा नियमातला दर, तेव्हा हिशेब बरोबर आहे. पण तुम्ही अर्जात इलेक्ट्रॉनिक स्वरूप मागितलं होतं का? मागितलं असेल तर पहिल्या अपिलात एवढाच मुद्दा घ्या: कलम ७(९) नुसार माहिती मागितलेल्या स्वरूपात देणं हा नियम आहे आणि कागद हा अपवाद. पानांच्या तळाशी फाइलचं नाव किंवा छापल्याची तारीख-वेळ उमटली असेल तर ते पान जोडा. ती पानं संगणकातूनच निघाली आहेत याचा तो पुरावा. मागितलं नसेल तर नवा दहा रुपयांचा अर्ज करा आणि त्यात ‘पत्र क्रमांक अमुक सोबत छापील दिलेली माहिती ज्या फाइलमधून छापली ती फाइल’ असं लिहा. आकडे हातानं टंकायला बसू नका. पाचव्या पानापासून बोट आणि डोळा दोन्ही फसवायला लागतात.

प्रश्न : केएमटीच्या बसचा जीपीएस आणि चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण, हेही मिळतं का? माझ्या गाडीला धक्का देऊन एक जण पसार झाला आहे.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोन्हींचं वजन वेगळं आहे. बस कुठल्या वेळी कुठं होती ही सार्वजनिक सेवेची नोंद. जिथं जीपीएस बसवला आहे आणि नोंद साठवली आहे, तिथं ती मागायला अडचण नसावी. फक्त माणसं ओळखू येतील असं काही त्यात नको. न्यूयॉर्कचा किस्सा या बाबतीत बोलका आहे. २०१४ मध्ये ख्रिस व्हाँग नावाच्या गृहस्थांनी तिथल्या माहिती कायद्याखाली शहराच्या टॅक्सी खात्याकडं आदल्या वर्षाच्या सगळ्या फेऱ्यांचे आकडे मागितले. खात्यानं सांगितलं, कोरी हार्ड डिस्क घेऊन या. ते घेऊन गेले आणि १७ कोटींहून जास्त फेऱ्या घेऊन आले: कुठं बसला, कुठं उतरला, किती भाडं दिलं. टॅक्सीचे नंबर खात्यानं सांकेतिक करून दिले होते, पण संकेत इतका कच्चा की विजय पांडुरंगन या अभियंत्यानं तो बघता बघता उलगडला. मग फोटोत टॅक्सीत चढताना दिसणारे नामवंत त्या दिवशी कुठं उतरले, तेही लोकांनी काढलं. शहराच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना त्या आकड्यांनी सोनं दिलं, हेही तितकंच खरं.

कॅमेऱ्याच्या चित्रणात चेहरे असतात, गाड्यांचे नंबर असतात. खासगी माहितीचं कलम ८(१)(ञ) नाकारायला वापरलं जाईल, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते आणखी कडक केलं आहे. व्यापक सार्वजनिक हित दाखवलं तर कलम ८(२) ची वाट उरते, पण एका गाडीच्या धक्क्यात ते दाखवणं अवघड. त्याहून मोठी अडचण वेळेची. कॅमेऱ्यांची साठवण काही आठवड्यांनी जुन्या चित्रणावर नवं चढवत जाते, आणि तुमच्या अर्जाची मुदत तीस दिवसांची. उत्तर येईपर्यंत चित्रण पुसलेलं असेल. म्हणून आजच पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तारीख, चौक, वेळ आणि गाडी कुठल्या दिशेनं गेली ते तक्रारीत घालून ‘सदर चित्रण जतन करावे’ अशी मागणी लेखी करा, आणि तिची पोच शिक्क्यासह घ्या. चित्रण मिळवायचं काम तपास अधिकाऱ्याचं. चौकातल्या दुकानदारांच्या कॅमेऱ्यांना हा कायदा लागू नाही, तिथं गोड बोलून काम होतं, तेही आजच उरका.